निवृत्तीची जमाबाजू

१ फेब्रुवारी २०२५ रोजी शनिवार होता. सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक नुकतीच सुरू झाली होती. एरवी हंगामाच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता अण्णांच्या आडत पेढीवर कोणालाही मान वर करण्याची फुरसत नसते. त्या दिवशी मात्र गादीसमोरचा दूरदर्शन संच सुरू होता आणि त्याच्यासमोर घरातील तीन वडीलधारी माणसे बसली होती. ७४ वर्षांचे अण्णा, ७१ वर्षांच्या अक्का आणि ६६ वर्षांचे तात्या. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचा तो सलग आठवा अर्थसंकल्प होता.

तिघे सख्खी भावंडे. थोरल्याने वडिलांची पेढी सांभाळली. धाकटा एम.कॉम. होऊन बँकेत लागला आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाला. बहीण बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेली आणि ते गेल्यानंतर माहेरच्या गावी येऊन राहिली. एकाच आईवडिलांची ही अपत्ये. पण त्यांच्या म्हातारपणाची मिळकत तीन निराळ्या नावांनी येते. तात्यांना निवृत्तिवेतन मिळते, अक्कांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि अण्णांना पेढीतील भांडवलावर व्याज मिळते. सरकारच्या दृष्टीने या तीन भिन्न गोष्टी आहेत. कोपऱ्यात खतावणी उघडून बसलेले दिवाणजी हे या सभेचे चौथे सदस्य. तेही ६८ वर्षांचे.

बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही, अशी घोषणा झाली तेव्हा अण्णांचा थोरला मुलगा सौद्यावरून नुकताच परतला होता. तो आनंदाने म्हणाला, "अण्णा, सुटलात! काका, तुम्हीपण सुटलात. म्हाताऱ्या माणसांची आता काळजीच मिटली."

अण्णांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "दिवाणजी, खाली काय लिहून येतंय? वाचा जरा."

दिवाणजींनी वाचून दाखवले. अक्कांनी भावाकडे एकदा पाहिले. पण त्या काही बोलल्या नाहीत.

तात्यांनी काट्याची एक जुनी पट्टी उलटी केली आणि खिशातून पेन काढले. "कर माफ होणं निराळं आणि उत्पन्न वाढणं निराळं," ते म्हणाले. "आधी माझाच हिशेब मांडतो, म्हणजे कुणाला राग यायला नको."

तात्यांचे निवृत्तिवेतन दरमहा ५२,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,२४,०००. निवृत्तीच्या वेळी मिळालेली आणि पुढे साठलेली रक्कम मिळून ४८ लाखांच्या मुदत ठेवी, त्यांवर साडेसात टक्क्यांनी ३,६०,००० रुपये व्याज. एकूण ९,८४,०००. निवृत्तिवेतन हे आयकर कायद्यात पगारासारखेच धरले जाते, म्हणून नव्या कररचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ही वजावट जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ५०,००० वरून वाढवली होती. उरले ९,०९,०००. चालू वर्षाच्या दरांनी त्यावर उपकरासह ४२,५३६ रुपये कर बसत होता. नव्या वर्षापासून तो शून्य होणार. "महिन्याला साडेतीन हजार हातात जास्त राहतील. माझ्यापुरता हा अर्थसंकल्प चांगला आहे. नाही म्हणणं कृतघ्नपणा होईल," तात्या म्हणाले.

मग त्यांनी अक्कांचा हिशेब मांडला. अक्कांचे कुटुंब निवृत्तिवेतन २४,००० रुपये आहे आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये आहेत. वर्षाचे एकूण उत्पन्न ४,११,०००. कुटुंब निवृत्तिवेतनाला पगार मानत नाहीत. ते 'इतर उत्पन्न' या सदरात जाते. त्यामुळे ७५,००० ची वजावट नाही. नव्या रचनेत एकतृतीयांश किंवा २५,००० यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजा होते. तरीही अक्कांना कर लागत नव्हताच, कारण आधीही सात लाखांपर्यंत करमाफी होती. सातचे बारा झाले, तरी अक्कांच्या हातात एक रुपयाही जास्त येणार नव्हता.

"म्हणजे मला काहीच नाही?" अक्का हसून म्हणाल्या.

"एक आहे," तात्या म्हणाले. "ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख केली आहे. पण तुझं व्याज सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एप्रिल लागला की १५-एच फॉर्म तुला भरून द्यावाच लागणार."

अक्कांच्या उत्पन्नाचा दहा वर्षांचा प्रवास तात्यांना तोंडपाठ होता, कारण प्रत्येक वेळी अर्जावर सही करायला तेच सोबत गेले होते. मे २०१५ मध्ये त्यांनी बचत योजनेत १५ लाख ठेवले तेव्हा दर ९.३ टक्के होता आणि दर तिमाहीला ३४,८७५ रुपये येत. पाच वर्षांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली. त्याआधी महिनाभरच दर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आणला गेला होता. मुदतवाढ त्याच दराने मिळाली आणि तिमाहीचे व्याज २७,७५० झाले. महिन्याला २,३७५ रुपयांची घट झाली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत औषधे आणि किराणा दोन्ही महाग झाले असताना अक्कांनी दुधाचा रतीब अर्ध्यावर आणला होता, हे घरात फार उशिरा कळले. ही घट कोणत्याही अर्थसंकल्पीय भाषणात नव्हती. अल्पबचतीचे दर सरकार तिमाहीला एका आदेशाने ठरवते. ३१ मार्च २०२१ रोजी तर हाच दर ६.५ टक्के करण्याचा आदेश निघाला होता. नजरचुकीने निघाला असे सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेण्यात आला. त्या एका रात्री देशातील किती वृद्धांनी बोटांवर हिशेब केला असेल!

वाढसुद्धा भाषणाबाहेरूनच आली. बँकांतील कुटुंब निवृत्तिवेतनाला ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. ती उठवून अखेरच्या पगाराच्या ३० टक्के असे प्रमाण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. बँक संघटनांच्या वेतन करारातून ते आले, अर्थसंकल्पातून नव्हे. एप्रिल २०२३ पासून बचत योजनेचा दर ८.२ टक्के झाला आणि अक्कांची मुदतवाढ नेमकी त्या मे महिन्यात संपली. रक्कम पुन्हा गुंतवली आणि तिमाहीला ३०,७५० रुपये सुरू झाले. २०२० मध्ये मुदत संपलेल्याला ७.४ टक्के आणि २०२३ मध्ये संपलेल्याला ८.२ टक्के. यात ठेवीदाराचे शहाणपण काहीच नसते. ठेव कोणत्या महिन्यात पिकते, यावर पुढची पाच वर्षे ठरतात.

यानंतर तात्या अण्णांकडे वळले. अण्णा म्हणाले, "माझा काय हिशेब करतोस? आम्हा व्यापाऱ्यांना कुठलं पेन्शन? पेढी हेच आमचं पेन्शन."

अण्णांच्या नावावर पेढीत ४० लाखांचे भांडवल आहे. भागीदारीपत्राप्रमाणे त्यावर १२ टक्के व्याज मिळते. आयकर कायदा पेढीला एवढ्याच दरापर्यंत वजावट देतो. वर्षाचे ४,८०,००० रुपये झाले. शिवाय १,२०,००० रुपये बँकेतील ठेवींचे व्याज. एकूण सहा लाख. अण्णांनाही सात लाखांची मर्यादा पुरेशी होती, त्यामुळे बारा लाखांच्या घोषणेने त्यांचेही काही वाढले नाही. आणि निवृत्तिवेतन नसल्यामुळे ७५,००० ची प्रमाणित वजावट नाही. पन्नास वर्षे दुकानात उभे राहिलेल्या माणसाला निवृत्तीची कोणतीही वजावट कायदा देत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो निवृत्तच होत नाही.

"उलट तुमचं थोडं अडणार आहे," तात्या म्हणाले. "जुलैच्या अर्थसंकल्पात एक नवं कलम आलंय, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. १ एप्रिलपासून पेढीनं भागीदाराला दिलेलं व्याज आणि मोबदला वर्षात वीस हजारांच्या वर गेला, की दहा टक्के टीडीएस कापायचा. तुमचे ४८,००० कापले जातील. इथं १५-एच चालत नाही. विवरणपत्र भरायचं आणि परताव्याची वाट पाहायची."

मुलगा म्हणाला, "पण काका, पंचाहत्तरीनंतर विवरणपत्र भरावं लागत नाही ना?"

"ती सवलत २०२१ ची. ज्यांचं उत्पन्न फक्त निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच आहे, त्यांच्यासाठी. पेढीतल्या भागीदाराला ती नाही."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मनातले बोलून दाखवले. अण्णांच्या नावावर जुने शेअर होते. गोदामाला नवे छप्पर घालायचे होते. शेअर विकले तर पाच लाखांचा नफा दिसत होता. सहा आणि पाच मिळून अकरा, म्हणजे बाराच्या आतच, कर शून्य.

तात्यांनी मान हलवली. शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर निराळा दर आहे आणि त्या कराला बारा लाखांची सूट लागू होत नाही. सव्वा लाख वजा करून उरलेल्या पावणेचार लाखांवर साडेबारा टक्के दराने ४६,८७५ आणि उपकर धरून ४८,७५० रुपये भरावे लागले असते. "विकायचेच असतील तर नव्या वर्षापासून थोडे थोडे विका. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. पण गोदामाचं छप्पर हा पेढीचा खर्च आहे. तो अण्णांच्या म्हातारपणाच्या पैशातून का?"

हा प्रश्न तात्यांनी आवाज न चढवता विचारला होता. तरी गादीवर क्षणभर शांतता पसरली. मग इतका वेळ गप्प असलेल्या अक्का बोलल्या. "अण्णा, डॉक्टरांनी दिवाळीच्या आधी मोतीबिंदू काढायला सांगितला होता. अजून का नाही काढला?"

"हंगाम होऊ दे," अण्णा म्हणाले. "आत्ता पेढीतून पैसे काढायला नकोत. मालाला रोख लागते."

"अण्णा, मला का नाही सांगितलंत?" मुलाने विचारले.

"तुझ्याकडे मागायचे का? आणि मागितले असते तर तू दिलेच असतेस. म्हणून तर मागितले नाहीत."

पेढीच्या खतावणीत अण्णांच्या नावे दरसाल ४,८०,००० रुपये जमा होत होते आणि त्याच अण्णांना दूरदर्शनवरची अक्षरे वाचता येत नव्हती. व्यापारी घरांत हे नवे नाही. भांडवल वडिलांचे, व्याज वडिलांच्या नावावर; पण रक्कम प्रत्यक्षात मालात फिरत राहते. हरिपूरच्या जुन्या पेवांत हळद साठवत, तसा हा पैसा. तो आहे, सुरक्षित आहे. पण पेव उघडण्याची वेळ मालकाला हवी तेव्हा येत नाही. नोकरदाराला महिन्याच्या अखेरीस जे आपोआप मिळते, ते व्यापारी बापाला मागून घ्यावे लागते. मुलगा वाईट असतो असे नाही. रिवाजच पडलेला असतो, आणि बापाचाही त्याला हातभार असतो.

तात्यांनी पट्टीवर नवा हिशेब मांडला. ४० लाखांपैकी १५ लाख काढून अक्कांप्रमाणे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने या योजनेची मर्यादा १५ वरून ३० लाख केली आहे, म्हणजे पुढेही जागा आहे. ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५० रुपये. उरलेल्या २५ लाखांचे व्याज वर्षाला तीन लाख. ते पेढीने वर्षअखेरीस नुसते लिहून न ठेवता महिन्याच्या १ तारखेला अण्णांच्या बँक खात्यात भरायचे. महिन्याला २५,००० होतात. टीडीएस कापून २२,५०० हातात येतात.

मुलाची हरकत व्यापाऱ्याची होती आणि ती खोटी नव्हती. "काका, पेढीत बारा टक्के मिळतात. तिथं आठ पूर्णांक दोन. आणि इथले पंधरा लाख गेले तर मला बँकेकडून उचलावे लागतील."

"बरोबर आहे," तात्या म्हणाले. "वर्षाला सत्तावन्न हजारांचा फरक पडेल. पण बारा टक्क्यांत तुझा हंगाम, तुझी उधारी, तुझं नशीब, सगळ्याची जोखीम आहे. तू चाळिशीत आहेस, तू ती पेलशील. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बापानं ती का पेलायची? आणि मागावे न लागणारे पैसे किती टक्क्यांचे, हे कुठल्या कोष्टकात लिहिलेलं नाही."

अण्णांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग त्यांनी दिवाणजींना विचारले, "दिवाणजी, तुम्हाला ते गिरणीचं पेन्शन किती येतं हो?"

"अठराशे चाळीस," दिवाणजी म्हणाले. "सुरू झालं तेव्हाही तेवढंच होतं."

भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता नाही. किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, ती त्यानंतर वाढलेली नाही. बारा लाख, ७५,००० ची वजावट, टीडीएसची मर्यादा, यांतील एकही आकडा दिवाणजींच्या आयुष्याला स्पर्श करत नव्हता. तरीही पडद्यावरची अक्षरे सगळ्यांना वाचून दाखवण्याचे काम त्यांनीच केले होते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्के केला. जवळजवळ पाच वर्षांतील ती पहिली कपात होती. एप्रिलमध्ये तो सहा टक्के, जूनमध्ये साडेपाच आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्क्यांवर आला. कर्ज घेणाऱ्या पेढ्यांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्त होता. पण ठेवींचे दरही मागोमाग उतरले. तात्यांच्या ४८ लाखांवर एक टक्का कमी झाला, तर वर्षाला ४८,००० रुपयांचे व्याज घटते. अर्थसंकल्पाने दिलेले ४२,५३६ त्यात पूर्ण बुडून वर थोडे जावेही लागते. सगळ्या ठेवी एकाच वेळी पिकत नाहीत, एवढाच दिलासा. एका दाराने आलेली रक्कम अशी दुसऱ्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दुसऱ्या दाराचे थेट प्रक्षेपण कोणी गर्दी करून पाहत नाही.

म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी १ फेब्रुवारीपेक्षा १ एप्रिल महत्त्वाचा आहे. त्या सुमारास प्रत्येक घराने वडीलधाऱ्यांचा एक कागद करावा. मिळकत कोणत्या सदरात मोडते, कोणती ठेव कधी पिकते, नवी कररचना लाभाची की जुनी, १५-एच कुठे द्यायचा आहे आणि परतावा कुठून यायचा आहे. २०१८ मध्ये ज्येष्ठांच्या व्याजावर आलेली ५०,००० ची आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट नव्या रचनेत मिळत नाही. पण त्यासाठी विमाच बंद करणे हा शहाणपणा नव्हे. शेवटी त्या कागदावर आणखी एक ओळ असावी: यांतील किती रक्कम, कोणाकडेही न मागता, दरमहा त्यांच्या हाती पडते?

अण्णांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात १५ लाख बचत योजनेत ठेवले. मुलाने तेवढी उचल बँकेकडून घेतली. गोदामाचे छप्पर पेढीच्या खर्चाने पुढच्या वर्षी करायचे ठरले. ऐन हंगामात, मार्चमध्येच, अण्णांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पेढी एक दिवसही बंद राहिली नाही.

१ जुलैला बचत योजनेचे पूर्ण तिमाहीचे व्याज खात्यात आले. तात्या पेढीवर गेले तेव्हा अण्णा पासबुक हातात धरून बसले होते. "तीस हजार सातशे पन्नास," त्यांनी चष्मा न लावता वाचले आणि पासबुक मिटून गादीखाली ठेवले. मग त्यांनी खतावणी पुढे ओढली आणि तात्यांना एक पान दाखवले. पानाच्या माथ्यावर दिवाणजींचे नाव होते. दिवाणजी ज्या महिन्यात काम थांबवतील, त्या महिन्यापासून पेढीने त्यांना हयातभर दरमहा ५,००० रुपये द्यावेत, असे त्याखाली लिहिले होते. अण्णांची सही होती आणि खाली दोन्ही मुलांच्या सह्या होत्या.

"हे कुठल्या सदरात मोडतं रे, तात्या?" अण्णांनी विचारले.

"सी.ए.ना विचारून सांगतो," तात्या म्हणाले.